मागं मागं येणारा माणूस

चहाचा कप आधी खाली ठेवा. हसता हसता अंगावर सांडला त मले बोल लावू नका. तुमी हसानच, माही फजितीच तशी झाली. पण त्या सकाळी मी जेवढी भेली, तेवढी बाळंतपणातई भेली नव्हती!

झालं असं, डॉक्टरीणबाईनं सांगतलं, "आजी, शुगर वाढली, चालत जा." आमची सून सुनंदा ब्यांकेत नोकरीले. तिनं लगेच शोधून काढलं. आदिलाबादबाहेर मावल्याच्या बाजूले झाडीत पार्क आहे, तिथं दर रविवारी सकाळी लोकं जमतात अन् पळतात. ज्याले पळणं होत नाई, त्यानं चालावं. पैसे कोणी घेत नाई.

"फुकट काऊन वं?" म्या इचारलं.

"आई, सगळंच काई विकत नसते."

"अन् पळायचं कोणाच्या मागं?"

"कोणाच्याच नाई. आपल्या तब्येतीसाठी पळायचं."

आता तुमीच सांगा, कारण नसताना माणूस पळते का कधी?

निघताना सुनंदा म्हणे, "पोत घरी काढून ठेवा आई, पळताना टोचन."

"नवरा समोर चहा पिऊन राह्यला, अन् गळा मोकळा करू?"

नाई काढली. काळ्या मण्यांत माह्या मायनं देल्लं सोन्याचं डोरलं अन् चार सोन्याचे मणी. माय गेली, तिची तेवढीच खूण माह्यापाशी उरली. मनात धाकधूक होतीच. आमच्या गल्लीतल्या शकूबाईची पोत नुकतीच गाडीवाल्यांनी ओढून नेली होती. म्हणून वरून पदर घट्ट घेतला, पायात नातीचे बूट घातले अन् निघाली.

पार्कात शिट्टी वाजली अन् सारे भुर्रकन गेले! सुनंदाई गेली. "आई, सावकाश या, रस्ता एकच आहे!"

एका वळणावर सागाची झाडं दाट झाली. चिटपाखरू नाई. मी एकटी. सहज मागं पाह्यलं.

एक माणूस! मिशा ह्या एवढ्या! अंगात भडक पिवळं जाकीट.

मी थांबली, तो थांबला. मी चालली, तो चालला. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं, त तो आभाळाकडं पाहत उभा!

म्या पदर आणखी घट्ट ओढला.

"अम्मा, मेल्लगा, मेल्लगा!" त्यानं आवाज देल्ला.

जन्म आदिलाबादच्या बाजारात गेला, एवढी तेलुगू समजते मले. हळू चाल म्हणते! म्हणजे मी हळू चालू, अन् तू सोयीनं ओढशीन काय रे मुडद्या? म्या पाय उचलले.

त तो मागून म्हणते, "डरो मत अम्मा, मैं पीछेच हूं!"

अरे बाप्पा! पीछेच हूं म्हणे! तेच त भ्या!

पदराखाली हात घालून पोत आवळली. अशी आवळली, अशी आवळली, का वाढलीच! तुटली म्हणू नाई आपण. काळे मणी रस्त्यावर सांडले, सोनं मुठीत राह्यलं. ठेवू कुठं? मूठ त तो मुरगाळून उघडन!

घातलं तोंडात. डोरल्यासकट.

तो जवळ आला. "क्या हुआ अम्मा?"

"ऊं!"

"अरे, बोलो ना अम्मा!"

"ऊं ऊं ऊं!"

त्याचं तोंड पांढरं पडलं. त्यानं फोन काढला अन् ओरडला, "बंडी तीसुकोनि रा! तोंदरगा!"

गाडी घेऊन ये, लवकर! शकूबाईची पोत गाडीवरच गेली होती न! जोडीदाराले बलावते मेला!

मंग मी पळाली. लुगडं गुडघ्यावर खोचून पळाली. मागं तो, त्याच्या मागं गाडीची घरघर. ओरडावं त सोनं पडन. गिळावं त... जाऊ द्या, चहाच्या वेळी तो इचार नको. बाया मागं टाकल्या, दोन ढेरपोटे सायब मागं टाकले. अन् लोकं काय करतात? टाळ्या! "शाबास आजी! और तेज!" अरे, मायची खूण चालली माही, अन् तुमी टाळ्या वाजवता?

जिथं पळणं संपते, तिथल्या दोरीपाशी सुनंदा दिसली. तिच्या गळ्यात पडली अन् मागं बोट दाखवलं. तो मिशावाला धापा टाकत आला. "मॅडम, अम्माको लकवा मारा! बात नई आरी!" गाडीवरून डॉक्टर उतरला, हातात पेटी. सारं पार्क भोवती गोळा झालं.

सुनंदा रडकुंडीले आली. "आई, हे शाळेतले सर आहेत! सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागं चालायची आज यांची पाळी. तुमच्यासारखीले एकटं चालताना भ्या वाटू नये म्हणून!"

भ्या वाटू नये म्हणून!

"अम्मा, तोंड उघडा," डॉक्टर म्हणे.

आता काय करता? उघडलं. हातावर आधी डोरलं आलं, मंग एकेक करून चारई मणी.

सरांच्या मिशाई खाली आल्या.

अन् मंग त्या गर्दीतल्या झाडून साऱ्या बायांनी, माह्याकडं पाहत पाहत, आपापला गळा चाचपून पाह्यला.