याकोब नानांचा माफीचा शनिवार

जळगावात मेहरूणच्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम चार दिवस झाले होते. शनिवारी दुपारी दाराची कडी वाजली. बाहेर पांढऱ्या शर्टातला, पँटला सायकलच्या क्लिपा लावलेला सत्तरीचा एक गृहस्थ उभा होता. "मी याकोब. समोर राहतो," तो म्हणाला, "मला माफ करा." आमचे हे धावत बाहेर गेले आणि गाडीला कुठे ओरखडा पडलाय का ते बघायला लागले. गाडी धडधाकट होती. मग त्या गृहस्थाने शांतपणे खुलासा केला. आम्ही ट्रकमधून सामान उतरवत होतो तेव्हा तो खिडकीत उभा होता, आणि तीन कपाटं, दोन फ्रीज बघून मनात म्हणाला होता की ही माणसं हावरट दिसतात. उद्या प्रभुभोजन आहे, तेव्हा त्याआधी माफी मागून घ्यावी म्हणून आलो, असं सांगून तो खुर्चीत बसला.

आता याला काय म्हणणार? चहा पाजला. दुसरा फ्रीज सासूबाईंचा आहे आणि तो बंदच असतो, हेही मी त्याला सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक. नानांपुढे माणूस उगाचच खुलासे देऊ लागायचा.

पुढे सगळा प्रकार कळला. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब भाकर मोडतात, तिची थाळी आणि द्राक्षरसाचे छोटे पेले बाकाबाकावरून फिरतात. आणि येशूने सांगून ठेवलंय की देवापुढे यायच्या आधी, कुणाचं आपल्याबद्दल काही वाकडं असेल तर आधी जाऊन ते मिटवा. हे सगळेच ख्रिस्ती ऐकतात. नानांनी ते पंप दुरुस्तीच्या पत्रकासारखं घेतलं होतं, म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लिहिलंय तसं करायचं. आयुष्यभर ते पाण्याच्या मोटारी भरायचे, जळालेली वाइंडिंगची तार काढून नवी गुंडाळायचे. त्यामुळे एकही वेढा सुटता कामा नये हा स्वभावच झाला होता.

अडचण अशी होती की नाना माफी मागायला येईपर्यंत त्यांनी आपला काही अपराध केलाय याचा माणसाला पत्ताच नसायचा. पलीकडच्या पाटीलकाकूंनी एकदा भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली होती. नानांनी खाऊन वा वा केली. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी काकूंच्या दारात जाऊन सांगितलं की ती वा वा खोटी होती, भरीत कच्चं होतं. खानदेशातल्या बाईला भरीत कच्चं होतं म्हणणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. काकू दोन महिने बोलल्या नाहीत. त्यांना राग आणला म्हणून पुढच्या माफीच्या शनिवारी नाना पुन्हा गेले, आणि त्या माफीत भरताचा विषय पुन्हा निघाला.

पाळकसाहेबही यातून सुटले नव्हते. तुमच्या प्रवचनात मला झोप लागली, माफ करा, असं नाना त्यांना दर महिन्याला सांगायचे. पाळकसाहेब तरुण आणि हजरजबाबी. मला व्यासपीठावरून दिसतं नाना, म्हणायचे, मागच्या तीन रविवारचीही आजच घेऊन टाका. कॉलनीत काही घरं त्या शनिवारी दुपारी मुद्दाम कडी लावून बसायची. काही घरं मात्र वाट बघायची, कारण शेजाऱ्यांनी आपल्याबद्दल काय म्हटलं आणि नानांनी त्याला मान डोलावली, हे कळायचा तोच एक मार्ग होता. मी दुसऱ्या प्रकारातली होते, हे कबूल करते.

नाना मूळचे धुळ्याकडचे. आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायचे, पण काही मनापासून सांगायचं झालं की अहिराणी यायची. "मोटार जळाना आधी वास येस, ताई. मानूसनं भी तसंच शे," हे त्यांचं आवडतं वाक्य. एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला की ते हे म्हणून नाक वर करून हुंगल्यासारखं करायचे. त्या माणसाला हसूच यायचं.

त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिल्या रविवारी मी त्यांना गाडीतून चर्चला नेलं. पत्नी वारलेली, मुलगी पुण्याला, मीच गेले. शेवटच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले. गाणी झाली, प्रवचन झालं, नाना नियमाप्रमाणे झोपले आणि नियमाप्रमाणे जागे झाले. मग थाळी आली. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे माझ्यापुढून ती गेली ते ठीक. पण नानांनीही ती हातात घेतली आणि भाकरीला हात न लावता पुढच्या माणसाला दिली. पेल्यांचंही तेच. ज्या जेवणासाठी हा माणूस महिन्याकाठी साऱ्या कॉलनीत माफी मागत फिरत होता, त्याला तो स्वतः शिवतच नव्हता.

मी मास्तरीण आहे, चौकशी केल्याशिवाय मला राहवत नाही. परतताना विचारलं.  घर आल्यावर नाना उतरता उतरता म्हणाले, वर या, सांगतो.

तिशी-पस्तिशीत असताना नानांचं सावद्याला मोटारी भरायचं दुकान होतं. केळीचा मुलूख, उन्हाळ्यात दुकानापुढे मोटारींची रांग. भागवतअण्णा नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात ते मोटार उतरवायला गेले होते. तिथे त्यांना चहा मिळाला, तो गोठ्याच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. चहा पिऊन झाल्यावर अण्णांच्या घरच्यांनी कप विसळून ठेवायला सांगितलं. नानांनी कप विसळला, मोटार दुकानात आणली, खोलली, आणि सांगितलं की तांब्याची तार आलेली नाही. तार दुकानातच होती. मे महिना होता. आज येईल, उद्या येईल करत त्यांनी आठ दिवस काढले आणि त्या आठ दिवसांत रांगेतल्या बाकी सगळ्यांच्या मोटारी भरून दिल्या. नवव्या दिवशी मोटार मळ्यात गेली तेव्हा बाग करपून उभी होती. पानं फाटून लोंबत होती, घड काळे पडले होते. नानांनी वर्षाच्या आत दुकान बंद केलं आणि जळगावला आले. त्यानंतर कधी भाकर घेतली नाही.

पाळकसाहेबांना हे ठाऊक होतं. त्यांनी नानांना हजारदा समजावलं होतं की पश्चात्ताप झाला तिथेच देवाने क्षमा केली, तारण हे बक्षीस नाही, ती कृपा आहे, हात पुढे करा आणि घ्या. त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं. "देवानं माफ केलं असंल. पण बाग भागवतअण्णांची होती."

मग इतकी वर्षं सावद्याला का नाही गेलात, मी विचारलं. नाना ओशाळले. धीर होत नव्हता, म्हणाले, म्हणून लहान लहान माफ्या मागून सराव करत होतो. मला हसू आवरेना. वर्षानुवर्षं आम्ही सगळे, पाटीलकाकू आणि त्यांचं भरीत धरून, या माणसाची नेट प्रॅक्टिस होतो. मी म्हटलं, नाना, पुरे झाला सराव, आता मॅच खेळा. ते हसले नाहीत. डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलंय, म्हणाले. जायच्या आधी एकदा ती भाकर खायची आहे.

पुढच्याच माफीच्या शनिवारी आम्ही निघालो. मी गाडी नुकतीच शिकले होते. भुसावळ सोडल्यावर नाना मोठ्याने प्रार्थना करू लागले. मला वाटलं सावद्यासाठी. नीट ऐकलं तर ती माझ्या ओव्हरटेकसाठी होती.

भागवतअण्णा ओट्यावर बसले होते. नानांहून चार-पाच वर्षांनी मोठे, नजर मात्र तीक्ष्ण. "मिस्तरी ना तुम्ही?" म्हणून त्यांनी लगेच ओळखलं आणि बसा म्हटलं. नाना बसले नाहीत. सरावातली सगळी वाक्यं, ती पुस्तकी मराठी, कुठल्या कुठे गेली.

"अण्णा, तार ऊनी नही, आसं मी सांगं. खोटं बोलनू. तार मन्हाच दुकानमा व्हती. बाग मी जाळी. माले माफ करा."

 अण्णांनी जे विचारलं ते आम्हा दोघांनाही अपेक्षित नव्हतं. "मंग प्रल्हाद रोज येत व्हता तुमच्याकडं?"

प्रल्हाद म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. नानांनी सांगितलं की रोज येत होता, सायकलवर, आठही दिवस, आणि मी त्याला रोज परत पाठवत होतो. अण्णांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. गावातल्या बाकीच्यांच्या मोटारी भरून आलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. मग तार नाही कशी? त्यांनी हिशेब बांधला की प्रल्हाद दुकानात जातच नाही, कुठेतरी पत्ते कुटत बसतो आणि घरी येऊन थापा मारतो. भर चौकात त्याला खोटारडा म्हटलं. वाटण्या झाल्या. प्रल्हाद त्याच गल्लीच्या टोकाला राहत होता आणि दोघे भाऊ तेव्हापासून एकमेकांशी बोलले नव्हते.

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एका बागेची माफी आणली होती, आणि इथे भलतंच निघालं होतं. अण्णा उठले. "चला," म्हणाले, "हे त्याच्यासमोर सांगा."

गल्लीतून आम्ही तिघे चालत गेलो. प्रल्हादभाऊंच्या घरात नानांनी सगळं पुन्हा, पहिल्यापासून सांगितलं. अण्णा आत आले नाहीत, दारापाशी पाठ करून उभे राहिले. प्रल्हादभाऊंनी ऐकून घेतलं, नानांकडे पाहिलंही नाही. दाराकडे बघत म्हणाले, "भाऊ, बाहेर काहून उभे? या ना घरात." अण्णा आत गेले. नाना आणि मी बाहेर आलो, कारण आता तिथे आमचं काही काम नव्हतं.

अर्ध्या तासाने अण्णा गाडीपाशी आले. डोळे लाल होते. बागेचं सोडा मिस्तरी, म्हणाले, पण आमचे इतके दिवस कोण आणून देणार? "माफ केलं, असं माह्या तोंडातून आज निघत नाही." नाना म्हणाले, बरोबर आहे.

परतीच्या वाटेवर मी संतापले होते. त्या कपाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, म्हटलं, त्यांनाही कळू द्यायचं होतं की सुरुवात कुणी केली. नाना तेव्हा शांत होते, पूर्वी कधी पाहिले नव्हते इतके. "ते त्यांचं आहे, ताई. आणायचं तर ते आणतील. मी माझं घेऊन गेलो होतो." मला हे पटलं नाही. मी त्या रागात गाडी अशी हाणली की त्यांना पुन्हा प्रार्थना सुरू करावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता चर्चला गेले. थाळी आली. नानांनी भाकरीचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. पाळकसाहेब समोर पुढचे शब्द विसरले, हे साऱ्यांनी पाहिलं. बाहेर आल्यावर मी छेडलंच, अण्णांनी कुठे माफ केलंय अजून? नाना डोळे पुसत होते. "आता हात लांब करता येतो, म्हणून घेतली," म्हणाले. आणि मग, काल रस्ताभर तुमच्या गाडी चालवण्याबद्दल फार वाईट विचार मनात आले, माफ करा, हेही सांगितलं.

त्यानंतरच्या चार पहिल्या रविवारी त्यांनी भाकर घेतली. पाचवा आला नाही. एका सकाळी झोपेतच गेले. मी त्या दिवशी आईच्या वेळी रडले होते तशी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दफनाला सारी कॉलनी होती. पाटीलकाकू मला म्हणाल्या की ते भरीत खरंच कच्चं राहिलं होतं. माती लोटून झाली, लोक पांगायला लागले, तेवढ्यात फाटकातून दोन म्हातारे एकमेकांचा हात धरून आत आले. अण्णा आणि प्रल्हादभाऊ. मी फोन केला होता, पण येतील असं वाटलं नव्हतं. अण्णा सरळ पाळकसाहेबांकडे गेले.

"मले त्यायले सांगाचं राह्यलं व्हतं," म्हणाले. "आता सांगितलं तर पोचते का?"

  अण्णांना जागा व्हावी म्हणून पाळकसाहेब बाजूला सरकले. अण्णांनी चपला काढल्या, खाली बसले, ओल्या मातीवर तळहात ठेवला.

"मिस्तरी, मी माफ केलं. माह्या घरचंबी तुमच्याकडं एक राह्यलं व्हतं, त्या कपाचं. ते तुम्ही काढलंच नाही. तेवढं मले माफ करा."