वामनरावाचा चाकू आणि राहून गेलेलं भांडण

वामनरावाच्या बंडीला तीन खिसे होते. एकात तंबाखूची डबी, दुसऱ्यात बहुतेक काहीच नाही, आणि आतल्या बाजूच्या, छातीशी लागणाऱ्या खिशात चाकू. त्याची बायको रुक्माबाई विहिरीवर चारचौघींत म्हणायची, "यायनं त्या चक्कूशीच लगन लावाचं होतं, बाई. मी जेवाले वाढून बसते, अन् हे पाह्यतेत चक्कूकडं." विहिरीवर बोललेलं गावभर व्हायला वेळ लागत नाही, आणि शेजारधर्म म्हणून ते पोचवायला आपली माणसं तयारच असतात.

गाव आदिलाबादकडच्या बेल्यापासून दोन कोसांवर. पलीकडे पैनगंगा, आणि पैनगंगेपल्याड महाराष्ट्र. वामनरावाचा दीड एकराचा मळा होता. वांगी, मिरच्या, काकड्या. चाकू बोटभर लांबीचा, घडीचा. पातं नेरडीगोंड्याच्या सडकेवर मोडून पडलेल्या ट्रकच्या कमानपट्टीचं, मूठ म्हशीच्या शिंगाची. केसलापूरच्या जत्रेत एका घिसाड्यानं तो त्याच्या डोळ्यांदेखत घडवला होता. त्याला इतका वेळ लागला की सोबतची गाडी निघून गेली आणि वामनराव दुसऱ्या दिवशी पायी घरी आला. विचारलं तर म्हणाला, "गाडी रोजच जाते. पातं पान्यात घालाची येळ एकदाच येते."

पोत्याची शिवण उसवायची असो, वांग्याचं देठ कापायचं असो, बाभळीचा काटा काढायचा असो, मग तो बैलाच्या खुरातला असो की पटवाऱ्याच्या टाचेतला, हाक वामनरावाला. काकडी सोलायला घेतली की साल अखंड सुटायचं आणि वेटोळं होऊन त्याच्या पायाशी झोपायचं. एकदा आदिलाबादच्या बसस्टँडवर एका पोलिसानं त्याला अडवलं. नक्षलवाद्यांमुळे ते दिवसच तपासणीचे होते. "कत्ती एंदुकु?" म्हणून दरडावलं. चाकू कशाला बाळगतो, याचं उत्तर वामनरावाला तेलुगूत येईना. त्यानं पिशवीतून एक जाम काढला, आपण ज्याला पेरू म्हणतो तो, आणि त्याच्या चार फाका करून, मीठ लावून पुढे धरल्या. पोलिसानं त्या खाल्ल्या. पुढच्या खेपेला त्या पोलिसानंच लांबून, मोडक्या मराठीत विचारलं, "जाम आणला का?"

पण हे सगळं म्हणजे चाकूचं पोट भरायचं काम. त्याचं खरं काम दुपारी सुरू व्हायचं. मळ्याच्या बांधावर मोहाच्या सावलीत बसून वामनराव पातं आडवं धरायचा आणि त्यात आभाळ पाहायचा. बोटभर पात्यात अख्खं आभाळ मावायचं. ढग एका टोकातून शिरायचा, मुठीपाशी विरघळायचा. एखादा बगळा पात्याच्या धारेवरून उडत जायचा आणि वामनरावाला वाटायचं, हा कापला कसा नाही? अशा वेळी त्याला हाक मारली तर तो 'ओ' द्यायचा, पण ती 'ओ' कुठून तरी फार लांबून यायची.

हे वेड समजणारा गावात एकच माणूस होता, उद्धवराव. त्याचं घर आणि किराणा दुकान वामनरावाच्या घरासमोर. लहानपणापासूनचे दोस्त. उद्धवरावाच्या चाकूची मूठ पितळी. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो बांधावर यायचा आणि दोघं आपापलं पातं मांडीवर ठेवून बसायचे. बोलणं थोडं.

"वामन्या, तुह्यं पातं आज निळं दिसून राह्यलं."

"आभाळ निळं हाय लेका."

"माह्यं काऊन पिवळं दिसते मंग?"

"तुह्या दुकानातल्या दाळीकडं पाहून आलं आसन."

एकमेकांचा चाकू हाताळायचा झाला, तर रीत ठरलेली. चाकू, मिरची, मीठ कोणी कोणाच्या हातात देत नाही. दिलं तर दोघांत भांडण होतं, हे आपल्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. चाकू जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हजार वेळा ठेवला असेल, हजार वेळा उचलला असेल.

पंच्याऐंशी साली, कार्तिकातल्या एका दुपारी, चूक झाली. बोंडं फुटून शेतं अशी पांढरी झाली होती की आभाळ कुठं संपतं नि कापूस कुठं सुरू होतो ते कळेना. वामनराव पात्यात पाहत होता, म्हणजे तिथं नव्हताच. उद्धवराव म्हणाला, "दे बा जरा." आणि वामनरावानं त्या तंद्रीत उघडा चाकू सरळ त्याच्या हातावर ठेवला. बोटाला बोट लागलं.

नेमकी तेव्हाच रुक्माबाई भाकरी घेऊन आली.

"अवं माय! हातात काऊन देल्ला?"

दोघं आपापल्या हाताकडे बघत राहिले. मग हसले. उद्धवराव म्हणाला, "वयनी, आमी कायचं भांडतो? भांडाले काई पाह्यजे तं खरं." भाकरी खाल्ली, पाणी प्यायले, घरी गेले.

घरी गेल्यावर मात्र वामनरावाच्या मनात आलं, पण झालंच तर? उद्धव्याशी भांडण ही गोष्ट त्याला कल्पनेतही धरता येईना. त्यानं ठरवलं, आठेक दिवस तिकडं फिरकायचंच नाही. तोंड उघडलं नाही तर भांडण येणार कुठून? गंमत अशी की समोरच्या घरात उद्धवरावानंही तंतोतंत हेच ठरवलं होतं. एवढी एकवाक्यता नवरा-बायकोत तरी दिसते का?

आठ दिवस झाले, पंधरा झाले. असला दोष किती दिवस टिकतो ते कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारायला जावं तर बोलणं आलं. रस्त्यात भेट झाली तर दोघं जपून बोलायचे.

"रामराम, उद्धवराव."

"रामराम. बरे हात ना तुमी?"

तुमी! ज्यानं जन्मभर 'वामन्या' आणि 'लेका' म्हटलं, त्याच्या तोंडचं ते 'तुमी' वामनरावाच्या छातीत, चाकूच्या खिशाच्या जरा आत, जाऊन रुतलं. तो काटा काढायला त्याच्याजवळ अवजार नव्हतं.

गावाला अर्थातच वाटलं, भांडण झालं. जो तो वामनरावाला कारण विचारी. तो खरं ते सांगी, "भांडन नाई झालं, बापा. होऊ नये म्हनून तं बोलत नाई." लोक म्हणत, "हो, हो," आणि पुढे जाऊन भांडणाच्या तीन-चार नव्या गोष्टी जुळवत. खोटं कशाला सांगायचं, त्यातली एक गोष्ट फार रंगली होती.

अशी सातेक वर्षं गेली. मोहाखाली वामनराव एकटाच बसायचा. पात्यात आता आभाळ दिसायचं, पण तिरप्या कोनातून उद्धवरावाच्या दुकानाचं टिनाचं छतही दिसायचं, त्याला वाटायचं, ते आपोआप तिथं येतं. दुपारी सगळं गाव पेंगत असलं की समोरून आवाज यायचा, खर्र... खर्र... उद्धवराव दगडावर चाकू पाजवत असायचा. आणि वामनराव खाटेवर उठून बसायचा, कारण त्या आवाजावरून त्याला कळायचं की तो पातं उभं धरतोय. दरवर्षी थोडं जास्त उभं. अशानं धार तर येतच नाही, पातं मात्र झिजत जातं. आडवं धर, लेका, आडवं! हे ओठापर्यंत यायचं. पण हे बोलणं म्हणजेच तर भांडण. तो परत आडवा व्हायचा, डोळे मिटायचा. अर्धवट झोपेत त्याला दिसायचं की ते पातं झिजत झिजत काडीएवढं झालंय, मग दोऱ्याएवढं, मग नुसता उजेड.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात रुक्माबाई पाणी भरून आली ती बातमी घेऊनच. उद्धवराव दुकान बंद करून आदिलाबादला लेकाकडे राहायला चालला होता. उद्याच टेम्पो येणार.

वामनरावानं चाकू उघडला, मिटला. मग म्हणाला, "चांगलं झालं. आता भांडनाचं भेव राह्यलं नाई."

रुक्माबाईनं घागर दाणकन ठेवली. "सात वर्सं मुकाट पाह्यलं म्या. भांडन पेरलं गेलं हाय, तं उगवू द्या ना एकदाचं! उगवलं तं कापता येते. मातीतच ठेवलं तं काय कापान, कप्पाळ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरत होता. उद्धवरावाची बायको मनकर्णाबाई भांडी मोजून देत होती. उद्धवराव ओट्यावर बसून शेवटचं म्हणून पातं पाजवत होता. खर्र... खर्र... वामनराव समोर जाऊन उभा राहिला. आयुष्यात कधी भांडला नव्हता. सुरुवात कुठून करतात तेही त्याला माहीत नव्हतं.

"रामराम, उद्धवराव."

"रामराम. या. बसा ना तुमी."

वामनरावाचे कान तापले. "बसत नाई! पातं उभं धरून राह्यला तू! सात वर्सं आयकून राह्यलो मी! चक्कू हाय का खुरपं हाय ते?"

टेम्पोवरचा हमाल पोतं खांद्यावर घेऊन जागीच थांबला. उद्धवराव आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्याच्या तोंडावर असं काही पसरलं की मनकर्णाबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"मले शिकोतं? मले? अरे तुह्या शिंगाच्या मुठीले मी कवापासून पाह्यतो! ओल्या हातात घसरते ते! पितळीची बराबरी करन का ते?"

"पितळी! उन्हात धरून दाखव बरं! हात भाजते तुह्या पितळीनं!"

"माह्या हाताले काई होत नाई, वामन्या!"

वामन्या! भांडणाच्या भरातही वामनरावाला ते ऐकू आलं आणि आवाज चिरकला. पण तो थांबला नाही. थांबला असता तर रडला असता. त्यानं केसलापूरचा घिसाडी काढला, उद्धवरावानं काकडीचं साल काढलं. पातं कमानपट्टीचं चांगलं की जुन्या कानशीचं, तापलेल्या पात्याला पाणी दिलेलं बरं की तेल. दोघांचेही शब्द सात वर्षं घडी करून ठेवल्यासारखे करकरीत निघत होते. गाव गोळा झालं. ज्यांनी भांडणाच्या गोष्टी जुळवल्या होत्या, ते जरा मागंच उभे राहिले.

मनकर्णाबाईनं चूल विझवली होती, ती पुन्हा पेटवून चहा केला. "घ्या," म्हणाली, "घसे सुकले आसतीन." दोघांनी भांडता भांडता चहा घेतला. टेम्पोवाला दोनदा भोंगा वाजवून कंटाळला आणि सामान घेऊन निघून गेला. उद्धवराव शेवटच्या बसनं गेला, तोही मोठ्या नाइलाजानं. बस हलली तरी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडतच होता, "तेलाचं तुले काई समजत नाई!"

पुढच्या सोमवारी दुपारी आदिलाबादची बस धुरळा उडवत फाट्यावर थांबली. वामनराव तिथं आधीच उभा होता, घटकाभर तरी झालं असेल, वांग्यांची पाटी डोक्यावरून उतरवायचंही त्याला सुचलं नव्हतं. उद्धवराव एका हातानं धोतर सावरत उतरला. पाय जमिनीला लागायच्या आतच त्यानं सुरुवात केली.

"घिसाड्याले इचारून आलो मी, लेका. तूच चुकला."

"कोनत्या घिसाड्याले? त्याचं नाव सांग आधी!"

आणि दोघं मळ्याच्या वाटेनं, तावातावानं हात हलवत, मोहाच्या झाडाकडे निघाले.