कालव्याकाठचं गवत

मी फिरायला जातो त्या कालव्याकाठी गुडघाभर गवत आहे. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांना ते फार आवडतं. तिथे एकदा एका नवरीची आई पाहिली. मुलगी घागऱ्यात, होणारा जावई शेरवानीत, आणि या बाईंनी साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पायमोजे वर ओढलेले.

फोटोग्राफर मुलीला म्हणाला, “दीदी, गवतात आडव्या व्हा. नॅचरल वाटेल.”

“नाही होणार,” आई म्हणाली. “गवतात बारीक किडे असतात. डॉक्टर त्यांना चिगर म्हणतात. नाडी बांधतो तिथंच चावतात. परवा हळद आहे, ही काय चार लोकांत कंबर खाजवत बसेल?”

“चादर टाकतो, मावशी.”

“चादरीवर चढायला त्यांना शिडी लागते का?”

जावई हळूच म्हणाला, “आई, अशा फोटोत प्रेम दिसतं.”

“प्रेम उभ्यानंही होतं. आमचं कापडाच्या कारखान्यात, लूमवर काम करताना उभ्या-उभ्याच झालं.”

शेवटी जोडी सिमेंटच्या पायवाटेवर उभी राहिली. चांगला अँगल मिळावा म्हणून फोटोग्राफर स्वतः गवतात पालथा पडला. बाई त्याच्याकडे वळल्या.

“भाऊ, घरी गेल्यावर आधी साबणानं घासून अंघोळ कर,” त्या म्हणाल्या. “आणि कपडे पलंगावर फेकू नको. बायकोनं काय पाप केलंय?”