पाणी भरतं कोण?

मी तोंडाची फटकळ. त्यापायी लहानपणी लई मार खाल्ला, पण एकदा याच तोंडानं माझी दहावी वाचवली. खरं तर तोंडानं नाही, ते ऐकून घेणाऱ्या माणसानं वाचवली.

दुष्काळात आम्ही पाचोडकडचं गाव सोडलं आणि औरंगाबादच्या कडेला, गुंठाभर जागेत पत्र्याची खोली टाकली. शहर आमच्या वस्तीला वळसा घालून पुढं वाढत होतं. पलीकडं बंगले आणि इमारती उठत होत्या. वडील त्या इमारतींवर गवंडीकाम करायचे, आई त्या बंगल्यांत स्वयंपाकाला जायची. आमच्याकडं नळ नव्हता. दिवसाआड टँकर यायचा, अकरा वाजता. शाळाही अकराचीच. घरात मोकळी मीच, म्हणून ड्रम भरायचं काम माझ्या गळ्यात. शेवटी वर्गाच्या बाईंनी बजावलं, "आता आणखी दांड्या झाल्या तर दहावीचा फॉर्म भरता येणार नाही." आईला सांगितलं, पण कामावरचे बंगले सोडून ती तरी काय करणार बिचारी?

त्याच आठवड्यात वस्तीतल्या पुरुषांनी आमदारांकडं जायचं ठरवलं. अक्षर बरं म्हणून निवेदन मला लिहायला लावलं. विहाराशेजारी सभागृह, रस्ता, खांबावर दिवे, आणि रोज दोन टँकर. ते शेवटचं मला पटलं नव्हतं, पण मोठ्यांपुढं बोलायचं कसं? रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून हार, शाल, नारळ घेतला. काम व्हायच्या आधीच सत्कार! वाचून दाखवायला मलाही सोबत नेलं.

हार घालून झाला, फोटो झाला. मी कागद पुढं केला. आमदारांनी तो घेतला आणि न वाचताच मांडीवर ठेवला.

"हे मी वाचणारच आहे. आधी सांगा, पाणी भरतं कोण?"

माझे चुलते म्हणाले, "बाया-पोरीच की, साहेब."

"मग त्यांच्यातलं कोण आलंय?"

मला राहवलंच नाही. "साहेब, टँकर वाढवू नका!"

"गप गं!" चुलत्यांनी डोळे वटारले.

"बोलू द्या तिला," आमदार म्हणाले.

"टँकर अकराला येतो, शाळा अकराला भरते. आत्ता दिवसाआड बुडते, मग रोज बुडंल. टँकर एकच राहू द्या, पण सकाळी लवकर पाठवा. न्हाय तर माझी दहावी गेली!" बोलता बोलता मला रडू फुटलं.

त्यांनी मला बसायला लावलं. मग सगळ्यांना म्हणाले, "दोन टँकर देतो म्हणालो तर खोटं ठरेल. जायकवाडीनं तळ गाठलाय. वेळेचं मात्र बघतो."

'बघतो' म्हणणारी माणसं आम्ही ढिगानं बघितली होती. मी घरी येऊन आईला म्हणाले, "काही होत नाही, आई."

पुढच्या टँकरच्या दिवशी अकराला आमदार एकटेच आमच्या रांगेशेजारी येऊन उभे! भाषण नाही, काही नाही. एकेका पोरीला विचारत होते, कितवीत आहेस, शाळा किती वाजता. सगळ्यांत शेवटी टँकरच्या ड्रायव्हरला विचारलं तेव्हा कळलं, टँकर आधी बंगल्यांकडं जातो, मग आमच्याकडं. तिथूनच त्यांनी पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला. "आधी ही वस्ती, मग बंगले. कोणी तक्रार केली तर माझं नाव सांगा." तक्रारी झाल्याच. पुढच्या निवडणुकीत ते पडले, तेव्हा बंगलेवाल्यांनी पाडलं असंच आमच्याकडं बोलत होते. आईला फार वाईट वाटलं, मलाही. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरायची नाही.

त्या फोननंतरच्या पाळीला टँकर सकाळी सहाला आला. ड्रम भरले, आंघोळ केली, वेणी घातली, तरी घंटेआधी शाळेत पोचले. बाई हजेरी घेत होत्या. टँकरचा दिवस त्यांनाही पाठ झाला होता. माझ्या नावाशी त्या थांबल्याच नाहीत, मान वर न करता गैरहजेरीची खूण केली आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

मी ताडकन उभी राहून ओरडले, "बाई, मी आलेय!"