मोकळं घर

मास्तरांनी तांब्यातलं पाणी तक्त्यावर शिंपडलं अन् शाई वघळाया लागली. निळी शाई, भिताडावरनं खाली. माझ्या पोरीचं बोट लागलं हुतं. बाटला म्हणं तक्ता.

मुरुम गावची शाळा, निजामाचं राज. मी पटांगण झाडायची, व्हरांडा झाडायची. वर्गात पाय ठिवायचा न्हाय. कडंवर तान्हं, अन् थोरली पोरगी संगं. तिचं नाव घाला म्हणून लई डाव पाया पडले. मास्तर म्हणायचे, "जागा नाही." मग ती खिडकीखाली पोत्यावर बसायची, आतलं ऐकायची. मीबी ऐकायची, खराटा थांबवून. मी दुसरीपस्तोर शिकलेली, त्येबी बाहीर बसूनच.

आत मास्तर सांगायचे, समदं जग मूळच्या पदार्थांचं झालंय. सोनं, तांबं, लोखंड, पारा. वजनाच्या क्रमानं त्यांची घरं पाडायची, अन् एका गुणाचे एकाखाली एक. "ज्यानं हा तक्ता मांडला, त्यानं मधे मधे घरं मोकळी ठेवली. अजून न सापडलेल्यांसाठी. पुढे त्यातले बरेच सापडले, आणि त्याच घरात बसले."

त्यो तक्ता मास्तरांनी शाईनं काढून व्हरांड्यात वाळत लावला. पोरीनं एका मोकळ्या घरावर बोट टेकवलं. "माय, हितं अजून कुणीच न्हाय बग."

बास. येवढंच.

मास्तर धावून आले. पाणी त्यांनीच शिंपडलं, अन् शाई वघळल्यावर माझ्यावरच वरडले, "बघ काय केलंस! घास नाक!" पोरं खिडकीत गोळा झाली. एक म्हणालं, "मास्तर, झाडणारीला कुठल्या घरात बसवायचं?"

मास्तर हसले. "तिचं घर तक्त्याच्या बाहेर."

म्या घासलं. उंबऱ्यावर. तान्हं रडतंय, पदर सुटलाय, अन् मी घासतेय. काम गेलं तर खायचं काय, दुसरं कायबी डोक्यात न्हाय. पोरगी बगत हुती. रडली न्हाय ती. त्येच लई लागलं.

उठले तवा तक्ता दिसला. तांब्याची शाई सोन्यात उतरलेली, सोन्याची पाऱ्यात. घरं कुठली, काय कळंना. पोरीच्या बोटानं कायबी पुसलं नव्हतं. पाण्यानं पुसलं.

रस्त्यानं पोरगी म्हणाली, "माय, सापडल्यावर घर देत्यात ना? मग आपुन अजून सापडलो न्हाय का?"

तिथंच धुरळ्यात बसले. तान्ह्याला छातीशी धरून लई रडले.

सकाळी खराटा घेतला न्हाय. पोरीचा हात धरला, व्हरांडा वलांडला, पहिलीच्या वर्गात नेऊन बसवली. जागा हुती. चांगली ऐसपैस जागा हुती.

"बाहेर हो!"

"न्हाय हुणार. मारायचं तर मला मारा, मास्तर. ही हितंच बसंल."

मास्तरांनी पोरीला दंडावर छडी मारत बाहीर काढलं. माझं काम गेलं. दुसऱ्या दिवशी परत नेली, परत काढली. आजबी काढली. दंडावर वळ उठल्यात तिच्या.

भ्याव वाटतंय. लई वाटतंय. उद्या नेणार.