नवरीच्या बापाचा फोटो

मुरुम गावात ज्या काकांच्या स्टुडिओत मी तीन वर्षं फोटो काढायला शिकले, त्यांच्यावर मी एकदा सूड उगवला. तोही त्यांच्या लेकीच्या लग्नात.

काकांनी मला कामावर ठेवायचं कारण साधं होतं. आमच्या निकाहांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. काका बाहेर, मी आत. हळूहळू बायका मलाच विचारून काम ठरवायला लागल्या. "ती पोरगी येणार असंल तरच तुम्ही या," असं नळदुर्गच्या एका बाईंनी काकांना तोंडावर सांगितलं. काका हसले. मला वाटलं, खूश झाले.

त्या बाईंच्या लेकीच्या निकाहात काकांनी कॅमेरा माझ्या हातात दिला तो लेन्सवरचं फोकसचं बारीक बटण ऑटोवरून मॅन्युअलवर सरकवून. मी बघितलं नाही. फोकस लागला की टिक असा आवाज यायचा, तो येत नव्हता. वाटलं, काकांनीच आवाज बंद केला असेल. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं, तर नवरीचे डोळे, मेंदी, तिच्या दादीचा चेहरा, सगळं धुरकट. नवरीची आई स्टुडिओत बसून रडली. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "आता काय करावं? पोरीच्या हाताला फोकसच न्हाय."

मी हात जोडून माफी मागितली. माझीच चूक वाटत होती.

आठ-दहा दिवसांनी मी चहा घेऊन आत जात होते. पडद्यामागं काका मित्राला सांगत होते, "काय केलं न्हाय बघ, नुसतं एक बटण सरकवलं. लई उडायली होती." दोघंही हसले. मी चहा तिथंच स्टुलावर ठेवला आणि घरी निघून आले. सांगणार कुणाला? फोटो तर माझ्याच हातचे होते.

वर्षभर मला कुणी बोलावलं नाही. अम्मीनं कुठून तरी एक जुना कॅमेरा आणून दिला. कॅमेऱ्यावर सगळं सोडलं तर त्याला वाटेल ते तो धरतो. पण फोकसचा तो छोटा चौकोन बोटानं हवा तिथं नेता येतो, हे मी त्यावर शिकले. नळदुर्गच्या हायवेला ढाब्यासमोर उभी राहून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या डोळ्यावर चौकोन धरून ठेवायचे. ड्रायव्हर हॉर्न मारायचे, शेरे मारायचे. मी हटले नाही. सहा वर्षांत उमरग्यापर्यंत माझं नाव झालं.

मग उमरग्याहूनच काम आलं. नवऱ्याकडच्यांनी मला ठरवलं होतं आणि नवरी काकांची लेक होती. व्याह्यांनी ठरवलेल्या माणसाला नको म्हणायची काकांची हिंमत झाली नाही. मंडपात भेटले तेव्हा म्हणाले, "ऑटोवर ठेव गं, क्यामेरा करतोय सगळं."

"व्हय काका," मी म्हणाले.

दिवसभर मी चौकोन माझ्या बोटानं फिरवला. काका लेकीशेजारी उभे राहिले की तो तिच्या नथीवर. व्याह्यांना मिठी मारली की व्याह्यांच्या फेट्यावर. काकांच्या हातातल्या अक्षता एकेक मोजता येतील अशा, आणि मागं ते स्वतः म्हणजे नुसता पांढरा डाग. एकट्या बापाचा फोटो मी काढलाच नाही. पाठवणीच्या वेळी गर्दी उसळली, धांदल झाली, म्हणून मी चेहरा ओळखणारा फोकस चालू केला. चौकोन आपला आपण काकांच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. ते रडत होते. माझं बोट दाबलं गेलं. पापणीवरचं पाणीसुद्धा स्वच्छ आलं होतं.

तो मी अल्बममध्ये घातला नाही.

महिन्याभरानं काका माझ्या दुकानात आले. अल्बम चाळला, मग पुन्हा पहिल्यापासून चाळला. धंद्यातला माणूस, त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"मुद्दाम केलीस."

"व्हय. तुम्ही नळदुर्गला केलं तसंच."

त्यांचा चेहरा उतरला. "एकबी न्हाय का गं? एखादा?"

"न्हाय."

ते अल्बम उचलून गेले. मी खुर्चीत बसले आणि खूप दिवसांनी पोट भरून जेवले.

मागच्या महिन्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. "ताई, सासरी भिंतीवर लावायला लग्नातला आमच्या अप्पांचा एक तरी साफ फोटो असंल बघा की. तुम्हीच होता ना शेवटपर्यंत."

त्या पोरीनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. मी कॉम्प्युटर चालू केला, तो फोटो उघडला, त्याच्याकडं बघत बघतच तिला सांगितलं, "न्हाय गं, न्हाय निघाला."

"बरं," म्हणाली ती, आणि माझ्या अम्मीची तब्येत विचारून फोन ठेवला.