मशीननं सोडलं होतं

बायकोला सांगितलं नाही, मुलीला नाही, ज्या मेहुण्याला सगळं माहीत होतं त्याच्याशीही पुन्हा कधी या विषयावर बोललो नाही. तो गेला, आणि आता हे माहीत असणारा मी एकटाच उरलो. आज तुम्हाला सांगतो आहे. पण आधीच सांगून ठेवतो — 'जाऊ द्या सर, माणूस आहे, चुकतो' असं म्हणायचं असेल तर इथेच थांबा. ते वाक्य मला नको आहे.

मी अमरावतीला एका तंत्रशाळेत गाड्यांचं इंजिन शिकवायचो. तीस वर्षं शिकवलं, चांगलं शिकवलं. बढाई म्हणून नाही सांगत. मला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये, म्हणून सांगतो.

कापसाने वऱ्हाडाला रडवलं, ती वर्षं. रस्त्याने पाहणीवाल्यांच्या पांढऱ्या गाड्या पळायच्या आणि जो तो दोष ढकलायला कुणीतरी शोधत असायचा — बियाण्यावर, पावसावर, भाव पाडणाऱ्यांवर. मलाही असं कुणीतरी सापडलं. पण शेतकऱ्यांचं दुःख खरं होतं. माझं काय होतं?

अकोल्यात हनीफभाईचं गॅरेज होतं. शाळेतली मुलं मी त्याच्याकडे काम बघायला न्यायचो, इतका त्याचा हात साफ. एकदा भंगारात आलेल्या एका परदेशी गाडीतून त्याने क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारं मशीन, काढलं आणि माझ्या जुन्या गाडीला बसवलं. त्याला जोडून पाहायची हौस, मला मिरवायची.

ते चालतं कसं? सोपं आहे. चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर लोहचुंबक बसवलेलं असतं. ते किती वेळा फिरलं यावरून गाडीचा वेग कळतो. तुम्ही साठ ठरवले, की एक छोटी पेटी सारखी बघत राहते — वेग साठच्या खाली आला की इंजिन हवा खेचतं त्या ओढीवर चालणारा एक रबरी पडदा ॲक्सिलरेटरची तार खेचतो, साठच्या वर गेला की सैल सोडतो. चढ लागला, तर न सांगता पेट्रोल वाढवतो. पण त्याला रस्ता दिसत नाही. माणूस दिसत नाही. त्याला फक्त आकडा कळतो. म्हणूनच ब्रेकच्या पायपट्टीला दोन कुलपं असतात. एक विजेचा स्विच आणि एक हवेचा व्हॉल्व्ह. ब्रेकला पाय लागला की स्विच वीज तोडतो. समजा तो बिघडला, तर व्हॉल्व्ह हवा आत घेतो आणि पडदा सैल पडतो. हनीफभाईने दोन्ही बसवल्याशिवाय मला किल्ली दिली नव्हती.

हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवायचो. लक्षात ठेवा.

माघातली दुपार होती. नांदगाव खंडेश्वरचा माझा मेहुणा शेजारी बसलेला, आम्ही अकोल्याला निघालो होतो. मी त्याला सगळं समजावलं आणि पाय मोकळे करून दाखवले. तो हसून म्हणाला, "भाऊजी, मंग ड्रायव्हर कायले लागते?"

आणि मी — काय केलं असेल मी? चप्पल काढली आणि सीटवर मांडी घातली. जेवायला बसतात तशी. साठच्या वेगाने. मेहुणा पोट धरून हसला. मला फार बरं वाटलं. अजून आठवतं, किती बरं वाटलं ते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्यावर तूर अंथरलेली होती. आमच्याकडे ही रीतच आहे: काढलेली तूर डांबरावर पसरायची, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी शेंगा फुटतात. गाडीवालाही वेग कमी करून मुद्दाम तिच्यावरूनच जातो, तेवढाच हातभार. एक बाई काठीने तूर वरखाली करत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग ती दोन पावलं बाजूला झाली, पूर्ण नाही. कशाला होईल? ड्रायव्हर पाहतो आहे, म्हणजे तो हळू करणार.

मला वेळ होता. पुष्कळ होता. मांडी सोडायला किती लागतो वेळ? पण मेहुणा बघत होता, आणि मला वाटलं, गाडी निघून जाईल. तुरीत चाकं शिरली, गाडी ओढली गेली, वेग पडला — आणि मशीनने त्याला शिकवलेलं तेच केलं, पेट्रोल वाढवलं. मला तेही कळलं. कोरड्या दाण्यांवर चाकं घसरली, गाडीची मागची बाजू फिरली आणि बाईच्या पायावर आदळली. तिचं नाव अंजनाबाई. डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पुढे आयुष्यभर ती काठी घेऊन चालली.

गाडी थांबली तेव्हा माझा उजवा पाय डाव्या मांडीखाली होता. ब्रेकला तो लागलाच नव्हता.

लोक धावून आले. मला मारतील या भीतीने खोटं बोललो, असं सांगितलं असतं तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण कुणी हात उगारला नाही. मी मास्तर आहे कळल्यावर एकाने पाणी आणून दिलं. मी खोटं बोललो ते हसू होऊ नये म्हणून. मांडी घालून गाडी चालवणारा मास्तर! म्हणालो, ब्रेक मारला होता, मशीननं सोडलंच नाही. मेहुणा खाली बघत राहिला. बहिणीच्या घरासाठी तो गप्प बसला, हा मी त्याचा दोष मानत नाही; त्यालाही सामील करून घेतलं मी.

अकोल्याच्या दवाखान्यात अंजनाबाईने एवढंच विचारलं, "तुमी मले पाहून राहिले होते, मंग थांबले कावून नाही?" मी तिलाही तेच सांगितलं. तिने मान हलवली. तिला माझी कीव आली.

दोन दिवसांनी पोलिसांनी गाडी सोडली, तेव्हा हनीफभाईने ती त्याच्या गॅरेजात मागची चाकं उचलून सुरू केली. मशीन लावलं. तार ताणली गेली. मग तो बाजूला झाला.

"सर, तुमीच दाबा. तुमच्या पायानं."

मी ब्रेक दाबला. टक्. तार सैल. त्याने स्विचची वायर काढली आणि पुन्हा दाबायला लावलं. व्हॉल्व्हने हवा घेतली, तार पुन्हा सैल.

"यानं तं सोडलं, सर," तो म्हणाला. माझ्या तोंडाकडे पाहत थांबला. मी म्हणालो, त्या दिवशी नव्हतं सोडलं.

त्याने पाना घेतला आणि माझ्यासमोर सगळं उतरवून टाकलं. संध्याकाळी मी पोलिसांत जबाबावर सही केली.

त्याच्याविरुद्ध मास्तरची सही. मग कोण येतं गॅरेजात? शाळेच्या जीपा बंद झाल्या, टॅक्सीवाले बंद झाले. वर्षभरात अकोल्यातलं गॅरेज उठलं आणि हनीफभाई पातूरला ट्रॅक्टर दुरुस्त करू लागला. आणि मी — इथेच थांबलो असतो तरी एक होतं — मी दरवर्षी वर्गात ते उदाहरण द्यायचो. घरगुती जोडणी किती धोक्याची! एका वर्षी वरूडची एक मुलगी उभी राहिली. "सर, स्विच बिघडला तरी व्हॉल्व्ह होता ना? दोनी एकाच टायमाले कसे बिघडले?" मी तिला खाली बसवलं. वर्ग हसला, तिलाच.

आता हे का सांगतो? मरण जवळ आलं म्हणून नाही, तब्येत ठणठणीत आहे. मागच्या रविवारी मुलीने नवी गाडी आणली. स्टिअरिंगवरचं क्रूझ कंट्रोलचं बटण दाखवून तिने विचारलं, बाबा, हे भरवशाचं असतं का? आणि माझ्या तोंडून निघालं — नाही.

इतक्या वर्षांनंतर, काही गरज नसताना पुन्हा तेच खोटं, स्वतःच्या पोरीशी.

पातूरला इथून एका दिवसात जाऊन येता येतं. मी गेलेलो नाही, जाईन असंही म्हणत नाही. मुली, तू वाचशील तर एवढं वाच: ते भरवशाचं असतं. पाय लागताक्षणी सोडतं. हनीफभाईनं बसवलेलंही सोडत होतं. मी पाय लावला नव्हता.